पोस्टर ते पायलट प्लांट: फूड टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी

एम.टेक.च्या शेवटच्या वर्षी एका परिषदेत मी पहिलं पोस्टर (संशोधन एका मोठ्या कागदावर मांडणारं) लावलं ते बाजरीच्या पिठाचं. बाजरी दळून आठ-दहा दिवस झाले की पीठ कडू लागतं, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. म्हणून तर बाजरी गिरणीत थोडी थोडी नेतात. दाणे उकळत्या पाण्यातून काही सेकंद काढले, वाळवले आणि मग दळले तर हा कडवटपणा लांबतो. तो किती लांबतो हे मी चार महिने मोजत होते. पोस्टरवर आलेख होते, तक्ते होते, सांख्यिकी होती. दुपारी पाकीटबंद पिठाचा धंदा करणारे एक गृहस्थ थांबले. सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "किलोमागे खर्च किती वाढतो?"

मी म्हणाले, "सर, खर्च आमच्या प्रकल्पात धरलेला नव्हता."

"बरं," म्हणाले आणि पुढच्या पोस्टरकडे गेले.

आता मी त्यांच्या बाजूला असते. एका कंपनीत नवी उत्पादनं बसवण्याचं काम करते आणि परिषदांमध्ये विद्यार्थ्यांची पोस्टरं वाचत फिरते. चांगलं काम केलेली मुलं त्याच एका प्रश्नाशी येऊन थांबलेली दर वर्षी दिसतात. विद्यापीठ विचारतं, नवं काय सापडलं? कारखाना विचारतो, हे माझ्या यंत्रावर, माझ्या भावात होईल का, आणि किती दिवस टिकेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दुसऱ्याचं उत्तर पोस्टर छापायच्या आदल्या रात्री तयार करता येत नाही. ते प्रयोग चालू असतानाच जमवावं लागतं. म्हणून या लेखातल्या पायऱ्या परिषदेच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतात.

पायरी १: प्रयोगाआधी एका कारखान्यात जाऊन या

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणीची, ज्वारीची, बाजरीची बिस्किटं घेऊन येणारी पोस्टरं फार झाली आहेत. दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के पीठ घालायचं, प्रथिनं आणि तंतू मोजायचे, वीस टक्क्यांचा नमुना सर्वांना आवडला असं लिहायचं. यात चूक काही नाही, पण हे कोणाला हवं होतं, हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो.

विषय ठरवायच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या युनिटमध्ये अर्धा दिवस घालवा. सांगली-तासगावकडे बेदाणा आणि हळद आहे, कोल्हापूरकडे गूळ, कोकणात कोकम आणि आंबा, जळगावला केळी, सोलापूरला ज्वारी आणि डाळिंब. युनिट सापडत नसेल तर जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारा. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत छोट्या उद्योजकांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची सोय केली गेली आणि त्यांच्या मदतीसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या गेल्या. कोणाकडे कोणतं यंत्र आहे, कोण कशात अडकलं आहे, हे या माणसांना तोंडपाठ असतं. इनप्लांट ट्रेनिंगला गेलेला कारखाना तर आपलाच. तिथल्या सुपरवायझरचा नंबर जपून ठेवा.

गेल्यावर काय विचारायचं? "तुम्हाला संशोधनाची काय गरज आहे?" असं विचारलं की समोरचा माणूस गोंधळतो. त्यापेक्षा विचारा, "माल परत येतो तो कशामुळे?" या एका प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो. पाकीट फुगतं, रंग उतरतो, तळाशी गोळे होतात, पावसाळ्यात कुरकुरीतपणा जातो, पंधरा दिवसांत वास येतो. यातली प्रत्येक तक्रार म्हणजे एकेक प्रबंध आहे. वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. त्यांनी 'गोळे होतात' म्हटलं तर तुम्ही 'केकिंग' लिहू नका. पुढे पोस्टर समजावताना तोच शब्द तोंडात आला की ऐकणाऱ्याला कळतं, हा मुलगा कारखान्यात जाऊन आला आहे.

पायरी २: कुठे मांडायचं ते ठरवा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचं व्यासपीठ म्हणजे 'आविष्कार', ही राज्यातली आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा. २००६ पासून ती चालते. पदवी, पदव्युत्तर आणि पुढच्या संशोधकांचे वेगळे गट असतात. आधी महाविद्यालय किंवा जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य अशी चढण असते. अन्नशास्त्राचं काम शेती-पशुसंवर्धन गटात घालायचं की अभियांत्रिकी-तंत्रज्ञानात, यावर आधी आपल्या समन्वयकांशी बोला. प्रक्रिया किंवा यंत्र नवं असेल तर दुसऱ्या गटात त्याची कदर जास्त होते, असा माझा अनुभव आहे. आविष्कारमध्ये परीक्षक बहुधा प्राध्यापक असतात. उद्योगातली माणसं तिथे कमी भेटतात, पण बोलण्याची सवय तिथेच होते.

अन्नशास्त्रज्ञांची देशातली मोठी संघटना म्हणजे असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स, सगळे तिला एएफएसटीआय म्हणतात. १९५७ पासूनची ही संस्था म्हैसूरला सीएफटीआरआयच्या (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या) आवारातून चालते. तिचं वार्षिक अधिवेशन म्हणजे इकफॉस्ट, आणि काही वर्षांच्या अंतराने आंतरराष्ट्रीय परिषद भरते ती इफकॉन. मुंबई आणि पुण्यात संघटनेच्या शाखा आहेत. विद्यार्थी म्हणून सभासद व्हा. शाखेची व्याख्यानं संध्याकाळी असतात, तिथे कंपन्यांचे क्वालिटी आणि आर अँड डीचे लोक येतात, आणि चहाच्या वेळी त्यांच्याशी जेवढं बोलणं होतं तेवढं मोठ्या अधिवेशनातही होत नाही.

तिसरी जागा प्रदर्शनांची. दिल्लीचं आहार, गोरेगावच्या नेस्कोमध्ये भरणारी खाद्यपदार्थांची प्रदर्शनं, मोशीचं किसान. इथे पोस्टर नसतं, पण यंत्रवाले आणि घटकद्रव्यांचे सप्लायर एका छताखाली सापडतात. ड्रायरच्या स्टॉलवर जाऊन "ताशी १०० किलोचं यंत्र, वीज किती खातं?" हे विचारून या. पायरी ५ मध्ये हा आकडा लागणार आहे.

पायरी ३: ॲबस्ट्रॅक्ट पाठवायच्या आधी पेटंटचा निर्णय

हे मी मुद्दाम इतक्या वर ठेवलं आहे, कारण इथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

परिषदेच्या पुस्तिकेत तुमचं ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) छापलं गेलं की ते जगजाहीर झालं. त्यात पद्धत उघड झाली असेल तर ती 'नवी' राहत नाही आणि पेटंट अडचणीत येतं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे. विद्वत्संस्थेपुढे स्वतः वाचलेल्या किंवा तिच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधानंतर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. पण कुठलाही मेळावा 'विद्वत्संस्था' ठरेलच असं नाही, आणि युरोपात ही सवलत चालत नाही. म्हणून सवलतीच्या भरवशावर बसू नका.

सरळ मार्ग असा: आपल्या विद्यापीठाच्या आयपीआर सेलकडे (बौद्धिक संपदा कक्षाकडे) जा आणि आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन दाखल केला तर त्याची सरकारी फी १६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. तेवढ्यात परिषदही होते आणि उद्योगाचा कलही कळतो. अर्जदार कोण, विद्यापीठ की तुम्ही, हे विद्यापीठाच्या नियमांवर ठरतं. गाईड सरांशी किंवा मॅडमशी हे मोकळेपणाने बोलून घ्या. मागाहून गैरसमज होण्यापेक्षा ते बरं.

आणि प्रत्येक गोष्टीला पेटंट मिळत नाही, हेही समजून घ्या. कलम ३(ई) नुसार नुसतं मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची बेरीजच होते, ते चालत नाही. कलम ३(पी) नुसार परंपरागत ज्ञान चालत नाही. नाचणीत गूळ आणि तीळ घातले, एवढ्यावर अर्ज केला तर तो टिकणार नाही. दाण्यावरची प्रक्रिया, तिचं तापमान-वेळेचं नातं, तिच्यातून मिळणारा अनपेक्षित परिणाम, असं काही असेल तर बोलता येतं.

पायरी ४: ॲबस्ट्रॅक्ट

साधारण २५० शब्दांत बसवायचं असतं. पहिल्या वाक्यात अडचण, दुसऱ्यात तुम्ही काय केलं, मग आकडे. 'लक्षणीय सुधारणा झाली' असं लिहू नका. किती होतं आणि किती झालं ते लिहा. प्रयोग अजून पूर्ण व्हायचा असेल तर 'निष्कर्ष सादर केले जातील' अशी ओळ टाकायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. जेवढं झालं तेवढंच पाठवावं.

पायरी ५: खर्च, टिकाऊपणा, बॅच

लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. उद्योगातला माणूस पोस्टरवर हे तीन आकडे शोधतो. ते खालच्या उजव्या कोपऱ्यात एका चौकटीत दिले तर तो थांबतो.

खर्च. माझ्या बाजरीचाच हिशेब करून दाखवते, जो मी त्या दिवशी करायला हवा होता. १०० किलो बाजरीत समजा १२ टक्के ओलावा आहे, म्हणजे कोरडा भाग ८८ किलो. उकळत्या पाण्यातून काढल्यावर ओलावा २५ टक्के झाला, तर एकूण वजन ८८ भागिले ०.७५, म्हणजे ११७ किलोंच्या थोडं वर. परत १२ टक्क्यांवर आणायचं तर सुमारे १७ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.२६ मेगाज्यूल लागतात. १७.३ किलोंना ३९ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ ११ युनिट वीज. ड्रायर निम्म्या कार्यक्षमतेने चालतो असं धरलं तर २२ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर दोनशे रुपयांच्या आत-बाहेर. १०० किलोंना दोनशे, म्हणजे किलोमागे दोन रुपये. मजुरी आणि पाणी तापवण्याचा खर्च वेगळा.

एवढंच होतं. पाचवी-सहावीचं गणित. "सर, वाळवणीचा खर्च किलोमागे दोनेक रुपये येतो, मजुरी वेगळी" असं मी म्हणाले असते तर ते गृहस्थ नक्की म्हणाले असते, "दोन नाही, तीन येईल, आमच्याकडे वीज महाग आहे." आणि बोलणं सुरू झालं असतं. आकडा थोडा चुकला तरी चालतो, समोरचा तो दुरुस्त करतो. आकडाच नसेल तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

टिकाऊपणा. जेवढं मोजलं तेवढंच सांगा. ३० दिवस मोजून '९० दिवस टिकतं' असं लिहिलेलं पोस्टर क्वालिटीच्या माणसाला लगेच कळतं. वेळ कमी असेल तर ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेला समांतर चाचणी लावा. दर दहा अंशांना बिघडण्याचा वेग दुप्पट होतो हा ढोबळ ठोकताळा आहे. तो सगळ्या पदार्थांना लागू पडत नाही, म्हणून सामान्य तापमानाचा एक संच शेजारी चालूच ठेवा. पॅकिंग कोणतं होतं ते जरूर लिहा. काचेच्या बरणीत टिकलेलं पीठ साध्या पातळ पिशवीत टिकेलच असं नाही.

मोजमापं उद्योगाच्या भाषेतही द्या. आपण प्रयोगशाळेत फ्री फॅटी ॲसिड आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (दोन्ही पिठातलं तेल बिघडल्याची मापं) काढतो. पीठवाले अल्कोहोलिक ॲसिडिटी (अल्कोहोलमध्ये उतरणारं आम्ल) बघतात, कारण गव्हाच्या आट्यासाठी एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मानकात तीच आहे, ०.१८ टक्क्यांची मर्यादा. दोन्ही करा. चटणी, पेस्ट, पल्प असेल तर पीएच आणि वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येणाऱ्या पाण्याचं माप) नसलेलं पोस्टर लावूच नका. पीएच ४.६ च्या वर आणि पदार्थ हवाबंद, म्हटलं की बोट्युलिझमचा (जीवाणूंमुळे होणाऱ्या घातक विषबाधेचा) धोका डोळ्यांसमोर येतो आणि 'रिटॉर्ट केलंत का?', म्हणजे दाबाखाली तापवून निर्जंतुक केलंत का, हा प्रश्न ठरलेला. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.६० च्या खाली असेल तर बुरशीची चिंता मिटते, पण खवटपणाची मिटत नाही, आणि हा फरक तुम्हाला तोंडी सांगता आला पाहिजे.

बॅच. प्रयोगशाळेत ५० ग्रॅम दाणे एक लिटर पाण्यात टाकले तर ९८ अंशांचं पाणी दीड अंशही उतरत नाही. कारखान्यात १०० किलो दाणे ३०० लिटर पाण्यात टाकले की तेच पाणी ९० अंशांच्या आसपास येतं. म्हणजे तुम्ही पोस्टरवर छापलेले '९८ अंश, ३० सेकंद' तिथे घडतच नाहीत. पीठ कडू करणारं लायपेज हे विकर (एन्झाइम) मरतं की नाही ते दाण्याच्या तापमानावर ठरतं, तुमच्या थर्मामीटरवर नाही. विभागात पायलट प्लांट (कारखान्याची छोटी प्रतिकृती) असेल तर एक तरी मोठी बॅच करा, अगदी पाच किलोंची. नसेल तर दाणे आणि पाणी यांचं प्रमाण बदलून तीन प्रयोग करा आणि काय झालं ते प्रामाणिकपणे सांगा. मोठ्या बॅचमध्ये परिणाम कमी झाला असं लिहिलेल्या पोस्टरवर माझा विश्वास जास्त बसतो.

पायरी ६: चव घेणारी माणसं

नऊ बिंदूंचा हेडोनिक तक्ता (पदार्थ किती आवडला ते नोंदवणारा) सगळेच वापरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या जेवणासाठी तो बसवला गेला. तक्ता चांगलाच आहे, अडचण तो भरणाऱ्यांची असते. वर्गातल्या आठ मित्रांना बोलावून 'पॅनेल' म्हणू नका. पदार्थ आवडतो का हे विचारायचं असेल तर निदान पन्नास-साठ माणसं हवीत आणि ती तो पदार्थ खाणारी हवीत. बाजरीची भाकरी ज्यांच्या घरात आठवड्यातून चारदा होते, त्यांचं मत घ्यायचं. फरक कळतो का एवढंच बघायचं असेल तर त्याहून कमी, पण शिकवलेली माणसं पुरतात.

नमुन्यांना अ-ब-क लिहू नका, कारण 'अ' म्हटलं की माणसाला पहिला नंबर वाटतो. ४७२, ८१९ असे तीन आकडी कोड द्या, क्रम प्रत्येकासाठी बदला, मध्ये कोमट पाणी द्या. भाकरीचं एक जास्तीचं पथ्य आहे: तव्यावरून उतरल्यावर दोन मिनिटांत तिची चव बदलते. आम्ही चार तवे लावून ठराविक वेळाने भाकरी उतरवायचो आणि ताट नेणाऱ्याच्या हातात घड्याळ असायचं. असं काही केलं असेल तर पोस्टरवर एका ओळीत लिहा. जाणकाराला त्या एका ओळीतून तुमचं सगळं काम दिसतं. माणसांवर चाचणी म्हणजे संमतीपत्र आणि विभागाच्या नियमाप्रमाणे एथिक्स समितीची परवानगी, हे विसरू नका.

आणि एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: ज्यासाठी पदार्थ आहे ते काम त्याने होतं का? माझ्या पोस्टरवर पाणी शोषण्याची क्षमता दोन दशांश स्थळांपर्यंत होती. एक बाई आल्या, वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, पण भाकरी थापताना कडा फाटतात का?" कडा थोड्या फाटत होत्या. दाण्यातला स्टार्च अंशतः शिजला की पिठाची चिकटाई बदलते. ते मला माहीत होतं, पण मी लिहिलं नव्हतं.

पायरी ७: नियमांचं घर तपासा

तुम्ही घातलेला रंग, प्रिझर्वेटिव्ह, एन्झाइम त्या पदार्थाच्या गटात चालतं का, हे एफएसएसएआयच्या २०११ च्या मानकांत बघा. घटक आजवर आपल्याकडे खाण्यात नसलेला असेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे वेगळी मंजुरी लागते. 'तंतुमय' असं पाकिटावर म्हणायचं तर १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅम तंतू आणि 'भरपूर तंतू' म्हणायचं तर ६ ग्रॅम, हे २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत आहे. तुमच्या बिस्किटात २.८ ग्रॅम असतील तर पोस्टरवर दावा नको. मधुमेह बरा होतो, वजन उतरतं, असली वाक्यं तर चुकूनही नकोत. कंपनीचा माणूस अशा पोस्टरजवळ उभाही राहत नाही.

पायरी ८: पोस्टर

आयोजकांनी दिलेलं माप आणि उभं की आडवं, हे छापायला टाकण्याआधी पुन्हा एकदा वाचा. शीर्षक पंधरा फुटांवरून वाचता यावं, मजकूर चार-पाच फुटांवरून. 'प्रस्तावना' नावाचा मोठा परिच्छेद काढून टाका. बाजरीचं पोषणमूल्य अन्नशास्त्रज्ञांना सांगायची गरज नाही. वर मधोमध एका वाक्यात निष्कर्ष, खाली एक मोठा आलेख, एक प्रक्रियेचा तक्ता तापमान-वेळेसह, कोपऱ्यात ती तीन आकड्यांची चौकट. आलेखावरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या, आणि प्रयोग किती वेळा केला, ते खाली लिहा. एकाच बॅचमधून तीनदा मोजणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, हे परीक्षक हमखास विचारतात.

फ्लेक्सवर छापलं तर घडी घालू नका, नळीत गुंडाळा. एसटीने जात असाल तर नळी वर रॅकवर न टाकता हातात धरा.

पायरी ९: पोस्टरजवळ उभं राहणं

दोन छोट्या बाटल्या घेऊन जा. एकीत प्रक्रिया न केलेल्या दाण्यांचं वीस दिवसांचं पीठ, दुसरीत प्रक्रिया केलेल्याचं, त्याच तारखेला दळलेलं. झाकणावर फक्त कोड. कोणी आलं की बोलायच्या आधी म्हणा, "सर, जरा वास घेऊन बघा." पहिल्या बाटलीशी माणसाची भुवई वर जाते, तो उंदरासारखा, कुबट वास बाजरीवाल्याला लगेच ओळखू येतो. दुसऱ्या बाटलीशी तो थांबतो, पुन्हा हुंगतो आणि मग तुमच्या आलेखाकडे बघतो. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या सहकारी मुलीने हे केलं आणि तिच्या पोस्टरपाशी दिवसभर माणसं होती. चव द्यायची असेल तर आयोजकांची परवानगी घ्या आणि ॲलर्जीचे घटक लिहून ठेवा. वासाला सहसा कोणाची हरकत नसते.

बोलणं दीड मिनिटात बसवा: अडचण, केलेलं काम, आकडा, आता काय हवं आहे. घरी मोठ्याने म्हणून बघा, इंग्रजीत एकदा आणि मराठीत एकदा. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीच्या भीतीने पोस्टरमागे लपतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. समोरचे गिरणीमालक सोलापूरचे असतात, ते खुशाल मराठीत बोलायला तयार असतात. 'आता काय हवं आहे' हे आधी ठरवून जा: मोठ्या ड्रायरवर एक ट्रायल, उन्हाळ्यातली इंटर्नशिप, की नुसतं मत? "काही संधी असेल तर बघा सर" म्हटलं की समोरच्याला काहीच करता येत नाही. "तुमच्या ड्रायरवर २० किलोंची एक बॅच करू द्याल का?" म्हटलं की हो किंवा नाही मिळतं, आणि 'नाही'सोबत बहुधा दुसऱ्या कोणाचं तरी नावही मिळतं.

उत्तर येत नसेल तर "हे मी मोजलेलं नाही, मोजून कळवते" म्हणा आणि त्यांच्यादेखत वहीत लिहा. कंपनीचा माणूस त्यांच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर मध्ये बोलू नका. त्याने सांगितलेली गोष्ट शेजारच्या स्टॉलवरच्या त्यांच्या स्पर्धकाला सांगू नका. हे इतकं लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

पायरी १०: परत आल्यावर

व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्याच संध्याकाळी लिहा: कुठे भेटले, काय विचारलं, मी काय कबूल केलं. दोन-तीन दिवसांत मेल करा, पाच-सहा ओळींची. 'आपल्याला भेटून आनंद झाला' याच्या पुढे एक ठोस गोष्ट असू द्या: "तुम्ही विचारलेली वाळवणीची वीज मोजली. पाच किलोंच्या बॅचला इतके युनिट लागले. तक्ता सोबत जोडला आहे." असा मेल मला आला की मी उत्तर देतेच, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक जण देतात. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग थांबा.

कंपनीने रस दाखवला तर गुप्ततेचा करार सही करायला येईल. एकट्याने सही करू नका. गाईड आणि विद्यापीठाच्या कार्यालयातून तो जाऊ द्या. प्रबंध आणि शोधनिबंध छापायला किती काळ थांबावं लागेल, हे त्यात वाचा. डिग्री अडकेल अशी अट असेल तर आधीच बोला. स्वतः काही सुरू करायचं मनात असेल तर भरडधान्यांसाठी हैदराबादच्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेचं न्यूट्रिहब आहे, तिथे नवउद्योजकांना जागा, यंत्रं आणि मार्गदर्शन मिळतं.

नमुना मागितला तर दोन पाकिटं पाठवा, एक किलो आणि दोनशे ग्रॅम. मोठं त्यांच्या ट्रायलसाठी, छोटं त्यांच्या लॅबसाठी. लेबलवर बॅच नंबर, दळल्याची तारीख, ओलावा, साठवण्याचं तापमान, आणि 'फक्त चाचणीसाठी, विक्रीसाठी नाही' हे शब्द. त्याच बॅचचं पाव किलो पीठ तारीख टाकून स्वतःच्या कपाटात बंद ठेवा. महिन्याभराने फोन येतो तेव्हा ते म्हणतात, "तुमच्या पिठाला वास येतोय," आणि तेव्हा कपाटातलं पाकीट उघडून बघता आलं पाहिजे की वास पिठाला आहे की त्यांच्या गोदामाला.